कालच्या उद्याची अक्षरं

गेले काही महिने मी एका अक्षरवळणाच्या नादाला लागले आहे. ह्या वयात बायका यात्रेच्या नाहीतर कुंड्यांच्या नादाला लागतात. माझं आपलं हे. मुलगा फोनवर विचारतो, "आई, आज कुठला फॉन्ट?" आणि मागून सुनेचं हसू ऐकू येतं. हसू देत बापडी. पस्तीस वर्षं फळ्यावर अक्षरं काढली, हजारो वह्यांमधली अक्षरं तपासली, शाळेच्या वार्षिक अंकाची प्रुफं वाचताना छापखान्यातल्या शाईचे डाग पदराला लावून घेतले. अक्षर म्हटलं की माझे कान टवकारले जाणारच.

त्या छापखान्यात एक गोष्ट शिकले होते. आमचे कंपोझिटर खिळे जुळवता जुळवता म्हणायचे, "बाई, खिळ्याला स्वभाव असतो. लग्नपत्रिकेचा खिळा वेगळा, दहाव्याच्या कार्डाचा वेगळा." तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. आता ते वाक्य वरचेवर आठवतं, कारण ज्या अक्षराबद्दल आज लिहायचं आहे त्याचा स्वभाव फारच ठळक आहे. ते अक्षर बघितलं की माणसाला वाटतं, आता काहीतरी उडणार! रॉकेट, यान, निदान दार तरी आपोआप सरकणार.

त्याचं नाव यूरोस्टाइल. आणि त्याच्या थोरल्या भावाचं नाव मायक्रोग्रामा. नावं ओळखीची नसली तरी चेहरा तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. चौकोनी, पण कोपरे गोल केलेले. रुंद, ऐसपैस बसलेलं. इंग्रजी 'ओ' बघितला तर ना धड गोल ना धड चौकोन. आपल्या जेवणाच्या आयताकृती स्टीलच्या डब्याचं झाकण असतं ना, तसा. किंवा अंगाला लावायची साबणाची वडी दोन दिवस वापरल्यावर होते तसा. कॅसिओची घड्याळं आणि कॅल्क्युलेटर घरोघरी होते. त्यावरचं कंपनीचं नाव आठवा. मला तर ते ह्याच कुळातलं वाटतं.

मायक्रोग्रामा जन्माला आला १९५२ मध्ये, म्हणजे माझ्याच जन्मसालात. त्यामुळे थोडी जास्तच आपुलकी. इटलीतल्या तुरिन शहरात नेबिओलो नावाची टाइप फाउंड्री होती. खिळे ओतायचे आणि छपाईची यंत्रंही बनवायचे. तिथल्या चित्रशाळेत अलेस्सांद्रो बुट्टी आणि आल्दो नोवारेझे हे दोघं काम करत. बुट्टी वयाने सत्तावीस वर्षांनी मोठे, नोवारेझे ऐन उमेदीतले. दोघांनी मिळून हा टंक काढला. त्यात फक्त मोठी अक्षरं होती, म्हणजे आपण ज्यांना 'कॅपिटल' म्हणतो ती. लहान लिपी नव्हतीच. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. १९५९ मध्ये बुट्टी गेले. मग १९६२ मध्ये नोवारेझे यांनी एकट्याने त्याच वळणाला लहान अक्षरं जोडली, अरुंद भावंडं वाढवली, आणि त्या वाढलेल्या कुटुंबाला यूरोस्टाइल हे नाव मिळालं.

आता हा आकार त्यांना सुचला कसा? मला वाटतं, तो त्या काळाच्या हवेतच होता. युद्ध संपलं होतं. इटली पुन्हा उभी राहत होती. नव्या वस्तू येत होत्या आणि त्या सगळ्यांचे कोपरे गोल होते. टीव्हीचा पडदा आठवा. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं आणि मग हळूहळू शटरवाले, लाकडी पेटीतले टीव्ही आले. त्यांची काच कशी होती? चौकोनीच, पण चारही बाजूंनी किंचित फुगलेली. आगगाडीच्या, विमानाच्या खिडक्याही तशाच. यूरोस्टाइलचा 'ओ' म्हणजे त्या पडद्याची बाह्यरेषा. गंमत म्हणजे, १९५९ मध्ये डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी स्टॉकहोममधल्या एका चौकासाठी असाच गोल-चौकोन गणिताने बसवून दिला. वर्तुळाच्या सूत्रात घात दोनचा असतो, त्यांनी तो अडीचचा केला. बस, एवढंच! घात वाढवत गेलं की वर्तुळ हळूहळू चौकोनाकडे सरकतं. हे मला नातीने कागदावर करून दाखवलं. गणिताच्या तासाला असं काही दाखवलं असतं तर मी मराठी घेऊन बी. ए. झाले नसते कदाचित.

आणि तुरिन म्हटलं की आणखी एक धागा निघतो. फियाट मोटार त्याच गावची. १९६२ मध्ये, म्हणजे यूरोस्टाइल आला त्याच वर्षी, फियाटने ११०० डी नावाची गाडी काढली. तीच गाडी पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली आणि 'पद्मिनी' ह्या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती रस्त्यावरून कायमची गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिल्यासारखं लिहिलं होतं. म्हणजे ज्या गावात ही अक्षरं ओतली गेली, त्याच गावाची गाडी अख्ख्या मुंबईने साठ वर्षं वापरली. गोल कोपऱ्यांची आपल्याला सवय होती म्हणायची!

आता रॉकेटचं. १९६८ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' आला. आर्थर सी. क्लार्क यांच्याबरोबर त्यांनी तो लिहिला होता. त्या सिनेमात यानातल्या पाट्यांवर हे अक्षर दिसतं, जाड आणि रुंद. आधी नातीने तो सिनेमा लावून दिला तेव्हा मी अर्ध्या तासात पेंगले, हे खरं. पण दुसऱ्यांदा फक्त पाट्या बघायच्या म्हणून बसले आणि मजा आली. माणसं कमी बोलतात, यंत्रं जास्त बोलतात, आणि यंत्रांचा आवाज जसा थंड तशीच त्या पाट्यांची अक्षरं थंड. हातातून उतरल्याची कुठलीही खूण नाही. बोरूचा उतार नाही, टाकाचा दाब नाही. जणू माणसाने काढलेलीच नाहीत. आणि काढली कोणी? तर तुरिनमधल्या माणसांनी, हाताने, कागदावर.

त्यानंतर ही रूढीच झाली. 'स्टार ट्रेक'च्या यानांच्या अंगावर मायक्रोग्रामा आला. मग कुठलाही भविष्यातला सिनेमा असो, खेळ असो, पाटी ह्याच घराण्यातली. कीर्तनकार आला की झांज वाजणार, तसं भविष्यकाळ आला की यूरोस्टाइल येणार.

पण एक गंमत आहे बघा. त्या सिनेमातलं २००१ साल येऊन गेलं. त्यात अंतराळात जाणाऱ्या विमानावर पॅन अ‍ॅम कंपनीचं नाव होतं. ती कंपनी १९९१ मध्येच बंद पडली. चंद्रावरच्या वसाहती झाल्या नाहीत. ते भविष्य आलंच नाही, पण त्याची अक्षरं मात्र राहिली. म्हणून आज ती दिसली की दोन गोष्टी एकदम वाटतात: हे पुढचं आहे, आणि हे जुनं आहे. नात ह्याला 'रेट्रो-फ्युचरिस्टिक' म्हणते. मी म्हणते, कालचा उद्या. आमच्या पिढीने पाहिलेला उद्या. १९६९ च्या जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. शेजारच्यांच्या रेडिओभोवती आम्ही सगळे बसलो होतो. त्याच ऑक्टोबरात ते तिघे अंतराळवीर मुंबईला आले होते, त्याची केवढी चर्चा! तेव्हा आम्हाला खात्रीच होती की आमची मुलं सुट्टीत चंद्रावर जातील. मुलं गेली ती न्यू जर्सीला. असो.

चंद्रावरची अक्षरं मात्र यूरोस्टाइल नाहीत. अपोलो ११ च्या यानाच्या पायाशी जी धातूची पाटी ठेवली ती फ्युचुरात आहे. फ्युचुरा १९२७ चा, जर्मनीच्या पॉल रेनर यांचा. तोही भूमितीतूनच काढलेला, पण त्याचा 'ओ' शुद्ध गोल. परकाराने काढावा तसा. नाव 'भविष्य', आणि गेला खरंच चंद्रावर. नासाचं ते लाल, सलग वळसे घेणारं नाव आठवतं का? 'ए' ला मधली आडवी रेघच नाही असं? ते १९७५ मध्ये रिचर्ड डॅन आणि ब्रूस ब्लॅकबर्न यांनी केलं. त्याला लोक लाडाने 'वर्म', म्हणजे अळी म्हणत. १९९२ मध्ये नासाने ते काढून टाकलं आणि २०२० मध्ये परत आणलं, रॉकेटच्या अंगावर. काढून टाकलेलं भविष्यही अठ्ठावीस वर्षांनी परत येतं. सुनेला सांगून ठेवलंय, माझ्या जुन्या साड्या टाकू नकोस.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं सगळं कशासाठी? आता ते सांगते. हा नाद नुसता हौसेने लागलेला नाही.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास झाला. जुनी तीन मजली इमारत गेली, चार विंगांचा टॉवर आला. ए, बी, सी, डी. चारही विंगा एका ओळीत, एकसारख्या. प्रत्येक विंगच्या दारावर स्टीलचं एकेक अक्षर, मागून दिवा लावलेलं. अक्षर ह्याच चौकोनी-गोल घराण्यातलं. दिवसा बघितलं तर झकास दिसायचं. पाहुणे आले की म्हणायचे, "अरे वा, अगदी परदेशात आल्यासारखं वाटतं."

फेब्रुवारीतल्या एका रात्री अडीचच्या सुमाराला ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला, डावा हात जड झाला. मी अँब्युलन्सला फोन केला, पत्ता सांगितला, 'बी विंग' दोनदा सांगितलं. गाडी खरोखर लवकर आली. सायरन ऐकला, खिडकीतून दिवा फिरताना पाहिला. आणि मग कोणी वर येईना. मी दार उघडून लिफ्टपाशी उभी. लिफ्ट खालीच. ह्यांचा चेहरा पांढरा पडत चाललेला. शेवटी गॅलरीतून वाकून पाहिलं तर गाडी पार टोकाला, डी विंगपाशी उभी! स्ट्रेचर घेऊन माणसं तिकडे आत गेलेली, सातव्या मजल्यावर कुणा झोपलेल्या घराची बेल वाजवत होती. मी ओरडले. ते धावत आले. ह्या सगळ्यात किती मिनिटं गेली ते मला माहीत नाही. घड्याळाकडे बघायची शुद्ध कोणाला होती? मला ती एका अख्ख्या शैक्षणिक वर्षाएवढी वाटली.

हे वाचले. अँजिओप्लास्टी झाली, आता बरे आहेत, पथ्य सोडून बाकी सगळं व्यवस्थित करतात. पण डॉक्टर म्हणाले, "अशा वेळी मिनिटं मोजतो आम्ही." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

चार दिवसांनी मी त्या अँब्युलन्सवाल्या मुलाला फोन करून आभार मानले. तो बिचारा वरमला होता. म्हणाला, "आजी, मला फाटकातून तो डीच बीसारखा दिसला हो. सगळी अक्षरं एकच वाटत होती." त्याला मी काय दोष देणार! मी स्वतः रात्री आठ वाजता फाटकापाशी जाऊन उभी राहिले आणि बघितलं. त्याचं अगदी खरं होतं.

असं का होतं, हे समजून घ्यायला मी नातीला बसवलं. ती डिझाइनचं शिकते. तेव्हा तिने पहिल्यांदा हे यूरोस्टाइल प्रकरण उलगडून सांगितलं. आपण अक्षर ओळखतो ते त्याच्या वेगळेपणावरून. 'ओ' गोल, 'डी' ला एक बाजू सरळ आणि दुसरी फुगीर, 'बी' ला दोन पोटं, आठाच्या आकड्याला कंबर. आता ह्या सगळ्यांना एकाच चौकोनी साच्यात बसवा. 'डी' ची फुगीर बाजू सरळ झाली, 'बी' ची दोन पोटं सपाट झाली, 'ओ' चा गोल गेला. राहिला काय? एक गोल कोपऱ्यांची चौकट, आणि आत एखादी रेघ. 'बी' आणि 'डी' मध्ये फरक उरतो तो फक्त त्या मधल्या आडव्या रेघेचा. त्यात मागून दिवा. रात्री दिव्याचा उजेड अक्षराच्या कडांवर सांडतो, आतल्या फटी उजेडाने भरून जातात, आणि ती मधली रेघ असली काय आणि नसली काय, लांबून एकच. बी, डी, ओ, आठ, शून्य: पाचही सख्खी भावंडं. एस आणि पाचाचंही तेच.

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण मी बालवाडीपासूनची मुलं पाहिली आहेत. आपल्या लिपीतही हे आहेच की. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य'. 'भ' आणि 'म' मध्ये फरक तो केवढा! शिरोरेषा तुटलेली आणि एक छोटी गाठ. ती मुलाने नीट काढली नाही की 'भात' चा 'मात' होतो. आणि 'ख' सुटा काढला तर 'रव' होतो. म्हणून तर आपण 'ख' चा पाय 'व' ला जोडायला लागलो. पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकांनी लाल शाईने हेच तर केलं: फरक जपला. अक्षर सुंदर असावं, पण त्याआधी ते शेजाऱ्यापासून वेगळं असावं.

मग सोसायटीची सभा. मी विषय मांडला. सेक्रेटरी भला माणूस, पण म्हणाला, "बाई, सगळ्या नव्या टॉवर्सना असंच असतं. मॉडर्न लूक आहे. ते बदललं तर इमारत चाळीसारखी दिसेल." दोन-चार जण हसले. एक जण म्हणाले, "अँब्युलन्सवाल्याचा चष्मा बदलायला हवा होता." मला राग आला, पण पस्तीस वर्षं सातवीच्या वर्गावर काढलेल्या बाईला राग गिळता येतो. मी म्हटलं, वाद नको, प्रयोग करू.

पुठ्ठ्याचे चौकोन कापले. नातीने त्याच वळणाची अक्षरं छापून दिली, बी, डी, ओ आणि आठ. दुसऱ्या बाजूला साधी, गोलाई असलेली, पोटं सुटी असलेली अक्षरं. संध्याकाळी दिवेलागणीला सगळ्यांना फाटकाबाहेर उभं केलं, मी चाळीस पावलांवर दारापाशी एकेक पुठ्ठा धरून उभी राहिले, आणि प्रत्येकाने कागदावर लिहायचं, काय दिसतंय. कॉपी करायची नाही, ही सूचना सवयीने देऊन टाकली. पहिल्या संचात निम्म्याहून जास्त लोक कुठे ना कुठे चुकले. चष्म्याचा विनोद करणारे गृहस्थ दोनदा चुकले. दुसऱ्या संचात जवळजवळ सगळे पास. ह्यांना खुर्चीवर बसवलं होतं, शाल गुंडाळून. ते म्हणाले, "मी तर चालता-बोलता पुरावा आहे, मला पुठ्ठा कशाला?" सगळे हसले आणि ताण गेला.

पण तेवढ्यात मी एक बाजू बदलली, त्याचं अनेकांना नवल वाटलं. कोणी तरी उत्साहात म्हणालं, "मग ही सगळी फॅशनची अक्षरं काढूनच टाका. इमारतीचं नावसुद्धा." मी म्हटलं, नाही. नाव तसंच राहू दे.

का, तर हे अक्षर वाईट नाही. त्याचं काम वेगळं आहे. जिथे शब्द एक-दोनच आहेत, अक्षर हातभर उंच आहे, आणि वाचणाऱ्याला तो शब्द आधीच ठाऊक आहे, तिथे ह्याच्यासारखं दुसरं नाही. इमारतीचं नाव, सिनेमाचं नाव, विज्ञान प्रदर्शनाचं फलक, पुस्तकाचं मुखपृष्ठ, घड्याळाची तबकडी, यंत्रावरची कंपनीची पाटी. तिथे आपण अक्षर वाचत नाही, चेहरा ओळखतो. शब्दातली सगळी अक्षरं मिळून एक आकृती होते आणि एखादं अक्षर ओ आहे की डी ह्याने काही बिघडत नाही, शब्द सांभाळून घेतो. अक्षरांत जरा जागा सोडावी, मोठ्या लिपीतच लिहावं. मघाशी म्हटलं ना, मायक्रोग्रामात लहान लिपी नव्हतीच. मूळचं ते पाटीचंच अक्षर. परिच्छेद वाचायला ते घेतलंच नव्हतं.

आणि जिथे एकटं अक्षर किंवा आकडा निर्णय घ्यायला लावतो, तिथे हे नको. विंगचं अक्षर, फ्लॅटचा नंबर, औषधाच्या पट्टीवरची मुदत, बसचा क्रमांक, हॉस्पिटलातल्या वॉर्डाची पाटी, लिफ्टची बटणं. तिथे शेजारचं अक्षर मदतीला नसतं. एकट्यानेच स्वतःची ओळख पटवायची असते. आणि वाचणारा घाबरलेला असतो, घाईत असतो, किंवा त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू असतो. त्याला भविष्य नको असतं, दार हवं असतं.

सभेत मी हे एवढं लांबण लावून सांगितलं नाही. म्हटलं, "लग्नात शालू नेसतो, पण विहिरीतून पाणी काढायला शालू नेसून जातो का?" एवढ्यावर ठराव झाला.

आता प्रश्न आला, नवीन अक्षरं कुठली? तेव्हा मला शाळा आठवली. पाचवी अ, पाचवी ब, पाचवी क, पाचवी ड. बघा, आपल्या तुकड्यांच्या ह्या चार अक्षरांत कोणी कोणासारखं नाही! 'ब' ला दंड आहे आणि पोटात तिरपी रेघ. 'ड' ला दंडच नाही, नुसता वळसा. अंधारात, पावसात, चष्म्याशिवायही गोंधळ नाही. म्हणून प्रत्येक दारावर आता दोन अक्षरं आहेत, वर 'ब', खाली साधा 'बी'. मागचा दिवा काढला आणि वरून प्रकाश टाकला. खर्च फार आला नाही.

मराठी अक्षर कुठल्या वळणाचं घ्यायचं ह्यावर नात आणि मी दोन संध्याकाळी घालवल्या. तिने पॉपिन्स नावाचा टंक दाखवला. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये काढलेला, भूमितीच्याच वळणाचा, आणि त्यात देवनागरी आणि रोमन एकत्र. देवनागरी निनाद काळे यांनी केलं आहे, रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी. मला फार आवडला. त्यात गोलाई परकाराची आहे, पण 'ब' चा 'ब' पणा शाबूत आहे. मी तिला म्हटलं, आपली देवनागरी गोल-चौकोनाच्या साच्यात सहज बसत नाही हे एका परीने बरंच आहे. वर शिरोरेषा, उभा दंड, आणि त्याला लटकलेला प्रत्येकाचा वेगळा आकार. साचा घट्ट करायला गेलं की आधी ती रेघ तक्रार करते. चौकोनी मराठी अक्षरं कुणी काढत नाही असं नाही. पण ती नाटकाच्या जाहिरातीत शोभतात, दवाखान्याच्या दारावर नाही. तिथेही तोच नियम.

एक शेवटचं. यूरोस्टाइलच्या मूळ खिळ्यांत त्या चौकोनाच्या बाजू अगदी सरळ नव्हत्या म्हणे, किंचित फुगीर होत्या, टीव्हीच्या काचेसारख्या. पुढे संगणकावर येताना तो फुगवटा पुष्कळसा गेला, बाजू पट्टीने आखल्यासारख्या झाल्या. लायनोटाइपसाठी अकिरा कोबायाशी यांनी 'यूरोस्टाइल नेक्स्ट' नव्याने रेखाटला तेव्हा तो परत आणला. नातीने दोन्ही 'ओ' शेजारी शेजारी ठेवून दाखवले. फरक केसाएवढा. पण एक 'ओ' पत्र्याचा वाटतो आणि दुसरा श्वास घेतलेला. नोवारेझे १९९५ मध्ये गेले, नेबिओलोच्या भट्ट्या त्याआधीच विझल्या. हातातली ती एवढीशी फुगीर रेघ मात्र कोणीतरी दूर देशातल्या माणसाने जपली. माझ्यातल्या शिक्षिकेला ह्याहून जास्त काय हवं?

तर मंडळी, एक गृहपाठ देते. आज रात्री जेवण झालं की शतपावली करता करता आपल्या इमारतीच्या फाटकाबाहेर चाळीस पावलं जा आणि मागे वळून आपल्या दारावरचं अक्षर वाचा. चष्मा काढून वाचा. समजा की तुम्ही ह्या गल्लीत पहिल्यांदाच आला आहात, गाडीत स्ट्रेचर आहे आणि वर कोणीतरी लिफ्टपाशी उभं आहे. वाचता आलं तर छान. नाही आलं, तर सभेत विषय मांडा. पुठ्ठ्याचे संच माझ्याकडे तयार आहेत, हवे त्यांनी येऊन घेऊन जावेत. चहा आहेच.